स्क्रीन त्यांच्याकडे वळव

विजयाकाकू,

आज दुपारी क्लिनिकमध्ये जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फोन हातात घेतला, तुमचं नाव काढलं, आणि मग आठवलं. तुम्हाला जाऊन अजून पंधरवडाही झालेला नाही. माझ्या बोटांना ते कळायचंय. म्हणून लिहिते आहे. मध्येच रडू येईल कदाचित, पण बातमी रडण्याची नाही. उड्या मारण्याची आहे. तुम्ही असतात तर स्टुलावरून उठून टाळ्या पिटल्या असत्यात, आणि बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी आपापली कुत्री जवळ ओढत एकमेकांना विचारलं असतं, "अंदर हो क्या रहा है?"

पण निकाल आधी सांगितलेला तुम्हाला खपायचा नाही. "आधी पेशंटची गोष्ट, मग फोटो," म्हणायचात. तर गोष्ट पहिल्यापासूनच सांगते.

पहिल्यांदा आलात ते चिमणीला घेऊन. मांजरीचं नाव चिमणी ठेवणारी बाई कोण, म्हणून मी मान वर केली. पांढरे आखूड कापलेले केस, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज आणि हातात भाजीची पिशवी. पिशवीतून दोन कान बाहेर आलेले. बिट्टन मार्केटच्या बाजूनं थेट अवधपुरीपर्यंत रिक्षानं आला होतात, कारण कुणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की इकडे जनावरांची एक मराठी डॉक्टरीण आहे. "हिला हिंदी समजत नाही," तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात.

चिमणी जेवत नव्हती, उलट्या करत होती. मी तिचं पोट चाचपत होते आणि तुमचं लक्ष मात्र कोपऱ्यात होतं.

"ते काय आहे?"

"सोनोग्राफीचं मशीन."

"ते मला दिसतंय गं. त्याच्यावर पेढ्यांचा डबा काहून आहे?"

मी सांगितलं की ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडून क्लिनिक घेतलं त्याच्याबरोबरच मशीन आलं, आणि मी ते कुत्रीला पिल्लं आहेत की नाहीत एवढं बघण्यापुरतंच वापरते. कॉलेजात एका मशीनभोवती आमचा अख्खा वर्ग माना उंचावून उभा असायचा, त्यात जे दिसलं ते दिसलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मी सरकारी दवाखान्यात हेच करायची. माणसांचं. रिटायर झाले." थोडं थांबून, दुसऱ्याचं बाळ मागावं तसं विचारलंत, "मी हात लावू का?"

मी चिमणीच्या पोटावरचे केस काढले, जेल लावलं, तुम्ही स्टूल ओढलंत. आणि पुढच्याच क्षणी क्लिनिक दणाणलं.

"बघ! बघ! बघ! हिच्या पित्ताशयाचे दोन कप्पे झालेत! मध्ये पडदा आलाय!"

मी वाकून पाहिलं आणि हसले. "काकू, मांजरांमध्ये असतं तसं पुष्कळदा. नॉर्मल आहे."

"नॉर्मल?" तुम्ही माझ्याकडे वळलात. ज्या घरात जन्म काढला त्याच घरात आणखी एक खोली आहे असं कुणी सांगावं, तसा तुमचा चेहरा झाला होता. "दोन कप्पे? आणि नॉर्मल?"

आपली मैत्री तिथेच झाली. तुम्हाला चित्र वाचता यायचं, मला ते चित्र कोणत्या जनावराचं आहे ते कळायचं. दोघींचं मिळून एक पुरं डोकं व्हायचं. तुम्ही प्रोब, म्हणजे मशीनचा तो पोटावर फिरवायचा दांडा, खाली सरकवलात, आणि चिमणीचं आतडं नाडी ओवलेल्या नेफ्यासारखं चुरगळून गोळा झालेलं दिसलं. "हे बाई मी कधी पाहिलं नाही," तुम्ही पुटपुटलात. मी पाहिलं होतं, पुस्तकात. चिमणीचं तोंड उघडून जीभ उचलली. जिभेच्या मुळाशी निळा दोरा अडकलेला होता आणि दुसरं टोक आत कुठेतरी खोल. तुमच्या भरतकामाच्या डब्यातला दोरा. ऑपरेशन मी त्याच दुपारी केलं. तुम्हाला बाहेर बसा म्हटलं तर हललाही नाहीत.

चिमणी वाचली. टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा हजर. पिशवीत मांजर नव्हतं, पळसाच्या पानात बांधलेली गरम जिलेबी होती.

"आज काय काय आहे?" तुम्ही विचारलंत. सिनेमाला काय लागलंय असं विचारावं तसं.

त्यानंतर तुम्ही येतच राहिलात. माझी कॉलेजची पुस्तकं घरी नेऊन वाचलीत, आणि मला परीक्षा द्यावी लागेल असे प्रश्न विचारलेत. सशाचा एक्स-रे पाहून तुम्ही अर्धा तास त्याच्या दातांवर बोलत होतात. एका बीगलच्या पिल्लाच्या पोटात त्याच्या मालकिणीची दोन्ही जोडवी एकमेकांशेजारी मांडल्यासारखी दिसली, तेव्हा तुम्ही त्या बाईंना आत बोलावून म्हणालात, "देखिए, कितने सलीके से रखी हैं!" ती बाई घाबरून रडत आली होती, ती हसत गेली. जोडवी दोन दिवसांत आपली आपण बाहेर आली.

तुम्ही इतकं ओरडता का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मोठ्या डॉक्टर, वय झालेलं, आणि उत्साह असा की मलाच कधी कधी लाज वाटायची. मग ते एका चहाच्या वेळी कळलं. एक गाभण कुत्री आली होती. आई-वडील, आजी, दोन मुली, अख्खं कुटुंब टेबलाभोवती जमलं होतं आणि तुम्ही त्यांना एकेका पिल्लाचं धडधडणारं हृदय दाखवत होतात. "ये एक! अरे, इसके पीछे दूसरा छुपा है!" मुली टाळ्या वाजवत होत्या. ते लोक गेल्यावर तुम्ही चहाचा कप हातात घेतलात. मग म्हणालात:

"मृणाल, मी सगळी नोकरी दगडासारखं तोंड करून काढली. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायचं नाही असा कायदा. बरोबरच आहे कायदा, मी जिवापाड पाळला. पण लोक माझं तोंड वाचायचे गं. हसले तर मुलगा, गंभीर झाले तर मुलगी. एकदा आतल्या बाळानं मस्त जांभई दिली आणि मला हसू फुटलं. बाहेर आले तर त्या बाईच्या सासूबाईंनी पेढे मागवलेले. आता हिला मुलगी झाली तर हे लोक तिचं काय करतील? त्या दिवसापासून हसणं बंद. इतकी सुंदर चित्रं पाहिली मी, नाकं, बोटं, उचक्या, आणि एकदासुद्धा वा म्हटलं नाही."

मग तुम्ही कप खाली ठेवलात आणि एकदम खुललात. "आणि इथे बघ! मुलगा की मुलगी कुणी विचारत नाही. किती आहेत एवढंच विचारतात!"

त्या दिवसापासून तुमच्या ओरडण्याची मला लाज वाटली नाही.

पण आपलं भांडण होतं, आणि ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. मी तपासताना स्क्रीन भिंतीकडे वळवून ठेवायची. तुम्ही ती मालकाकडे वळवायचात. मी म्हणायची, त्यांना काळ्या-करड्या ठिपक्यांतलं काय कळणार? काहीही बघून घाबरतात, घरी जाऊन इंटरनेटवर शोधतात, मला फोनवर फोन करतात. तुम्ही म्हणायचात, कळत नाही म्हणूनच दाखवायचं. मी म्हणायची, वाईट असलं तर? तुम्ही म्हणायचात, वाईट असलं तर ते माझ्या तोंडावर वाचतील, त्यापेक्षा स्क्रीनवर बघू देत. मग आपण दोघीही हट्टानं आपापल्या बाजूला स्क्रीन ओढायचो आणि बिचारं स्टँड कुरकुरायचं.

हे चाललं असतानाच जिमी आला.

गेल्या हिवाळ्यातली सकाळ होती. रघुवीर सिंह त्याला दोन्ही हातांवर आडवा घेऊन आत आले. एवढा मोठा लॅब्राडोर, आणि हे साठीचे गृहस्थ, मफलर गळ्यातून निसटून खाली लोंबत होता. पोलिसांच्या श्वानपथकात दोघांनी मिळून काम केलं होतं. जिमी निवृत्त झाला तेव्हा यांनी त्याला घरी मागून घेतला.

"पूरी नौकरी साथ की है मैडम," ते म्हणाले. "रिटायर भी साथ हुए. कल शाम से खड़ा नहीं हो रहा."

जिमीच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. नाडी हाताला जेमतेम लागत होती. स्टेथोस्कोप लावला तर ठोके कुठूनतरी लांबून येत होते. एक्स-रे काढला आणि माझा धीर सुटला. हृदय फुटबॉलसारखं गोल, छातीभर पसरलेलं. मी तुमच्याकडे पाहिलं आणि मराठीत हळूच म्हणाले, "हृदय फुगलंय काकू. स्नायू गेले असणार. फार दिवस नाहीत याचे."

तुम्ही एक्स-रेकडे बघत होतात. "फुगलंय की बुडालंय?" तुम्ही विचारलंत.

"म्हणजे?"

"सावली आहे ही. सावलीवरून आत काय आहे ते कसं सांगशील? प्रोब लाव."

मी प्रोब लावला. आणि काकू, तो क्षण मी अजून विसरू शकत नाही. हृदयाभोवती सगळीकडे काळंभोर पाणी, आणि त्या पाण्यात ते बिचारं हृदय इकडून तिकडे झोके खात होतं.

"बघ! पोहतंय!" तुम्ही ओरडलात. "स्नायू चांगले आहेत गं, पाण्यानं गळा दाबलाय नुसता! पाणी काढ!"

हृदयाच्या एवढ्या जवळ सुई मी कधी नेली नव्हती. तुम्ही प्रोब धरलात, मी सुई. रघुवीर सिंह जिमीचं डोकं छातीशी धरून त्याच्या कानात बोलत होते, "बैठ बेटा. बैठ. शाबाश." तुम्ही एकाच आवाजात मला सांगत होतात, जरा डावीकडे, खाली, आता सरळ, दिसतंय मला टोक, ये पुढे. सिरिंजमध्ये गडद लाल द्रव आला. सुई हृदयातच गेली तर? थोडं रक्त नळीत काढून बाजूला ठेवलं. हृदयातलं ताजं रक्त गोठतं, बाहेर साचलेलं रक्ताळ पाणी गोठत नाही; म्हणजे ते गोठलं तर चूक झाली होती. आपण तिघंही त्या नळीकडे पाहत होतो.

नाही गोठलं.

मग मी काढतच गेले. सिरिंजमागून सिरिंज. स्क्रीनवर काळी कड बारीक होत गेली आणि आकसलेलं हृदय पसरायला लागलं, जोरानं उघडझाप करायला लागलं. हिरड्यांवर गुलाबी रंग आला. जिमीनं डोकं उचललं. मग पुढचे पाय रोवले. आणि सुई काढून मी पट्टी लावते न लावते तोच तो टेबलावर उभा राहिला आणि त्यानं अंग झटकलं. जेल, केस, पाणी, सगळं आपल्या अंगावर.

"उठला! अगं उठला!" तुम्ही माझे खांदे धरून मला हलवत होतात. रघुवीर सिंहांनी भिंतीला हात टेकला आणि तसेच उभे राहिले.

आणि तेव्हाच ते ठिपक्याचं भांडण सुरू झालं.

पाणी थोडं उरलं होतं, त्यात हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याशी मला एक छोटा उंचवटा दिसला. पाणी का साचलं याची दोन कारणं असू शकत होती. एक तर काहीच कारण नाही. असं होतं, काढलं की कधी कधी कायमचं जातं. किंवा तिथे गाठ आहे, आणि तशी गाठ असली तर थोडेच दिवस. मी स्क्रीन भिंतीकडे वळवायला हात लावला, पण तुम्ही ती आधीच रघुवीर सिंहांकडे केली होती. पोलिसाची नजर ती. त्यांनी बोट ठेवलं. "ये क्या है मैडम?"

"गाँठ हो सकती है," मी म्हणाले.

"चर्बी भी हो सकती है," तुम्ही म्हणालात. "अभी हमको नहीं पता."

ते एकदा माझ्याकडे, एकदा तुमच्याकडे बघत राहिले. ते गेल्यावर आपण मागच्या व्हरांड्यात कडाडून भांडलो. मी म्हणाले, तुम्ही त्यांना खोटी आशा देताय. तुम्ही म्हणालात, आणि तू खरी भीती देते आहेस, तीही अंदाजावर. मी म्हणाले, ती गाठच आहे. तुम्ही म्हणालात, ती चरबी आहे, आणि मला चरबी तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. मी म्हणाले, माणसाची! तुम्हाला राग आला, आणि पुढच्या क्षणी हसू आलं. पण मागे हटला नाहीत. ठरलं एवढंच की जिमीला अधूनमधून बोलवायचं आणि बघत राहायचं.

दोन महिन्यांनी पाणी पुन्हा साचलं. पुन्हा काढलं. मला वाटलं, माझंच खरं होणार. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांदा साचतं कधी कधी. तिसऱ्यांदा बघू." तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा पाणी फार थोडं होतं, पण जिमी स्वस्थ पडून राहीना, त्यामुळे तो ठिपका नीट दिसलाच नाही. भांडण तिथेच राहिलं.

आणि मग ती दुपार. तुम्ही काळा चष्मा लावून आलात. क्लिनिकमध्ये पेशंट नव्हतं. पिशवीतून सीटी स्कॅनच्या फिल्मा काढल्यात, एक्स-रे बघायच्या दिव्यावर लावल्यात आणि मला म्हणालात, "ओळख."

मला वाटलं, कुणा ओळखीच्याच्या कुत्र्याचं काहीतरी असेल. मी पाहिलं. "हे माणसाचं आहे काकू."

"शाब्बास. पुढे?"

"स्वादुपिंड… इथे मोठं दिसतंय. पित्ताची नळी फुगलेली आहे." मी पुढे बोलत गेले, परीक्षेत उत्तर येत असलं की बोलतो तशी. "यकृतातही ठिपके आहेत. हे वाईट आहे. कोणाचं आहे?"

तुम्ही चष्मा काढलात. डोळे पिवळे झाले होते.

"माझं. पण किती स्वच्छ आलंय बघ ना! अशी फिल्म शिकवायला मिळत नाही. ही नळी बघ, हा कोपरा बघ, इथे ती थांबते…"

मी दिवा बंद केला. ओरडलेच तुमच्यावर. हे काय चालवलंय, तुम्हाला काही वाटतं की नाही, असं काहीतरी. तुम्ही माझा हात धरून मला स्टुलावर बसवलंत, आणि दिवा पुन्हा लावलात.

"मृणाल, जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांपुढे गप्प राहिले. माझ्या चित्राबद्दल तरी मला बोलू दे."

मग तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. रडत रडत ऐकलं, पण ऐकलं. त्या दुपारी जे शिकले ते कुठल्याही पुस्तकात नाही. तुमच्या आवाजात खरोखरच उत्साह होता, तो माझ्यासाठी आणलेला नव्हता. पण भीती? ती होती का काकू? हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. तुमच्या घरी येऊन शेजारी बसायची, तुमचा निखिल बंगळूरहून आईसाठी आलेला असायचा, तो चहा करायला आत जायचा, आपण दोघीच उरायचो. विचारता आलं असतं. मी तुम्हाला क्लिनिकमधल्या गमती सांगत राहिले, कारण त्या ऐकताना तुमचे डोळे मोठे व्हायचे. मी ते विचारीन याची तुम्ही वाट बघत होतात, की गमतीच हव्या होत्या? हे आता मला कोण सांगणार?

शेवटच्या भेटीत तुमचा आवाज पार खोल गेला होता. तरी पहिला प्रश्न तोच. "जिमी?"

"पुढच्या तपासणीला बोलावलंय."

"मी नसेन." तुम्ही श्वास घेतलात. "स्क्रीन त्यांच्याकडे वळव."

"आणि गाठ वाढलेली दिसली तर?"

"तरी वळव. त्या माणसाला भिंतीकडे बघत उभं करू नकोस."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि चिमणी तुमच्या पायाशी गोल होऊन झोपली होती. ती आता माझ्याकडे आहे. निखिलनं तिला न्यायचा प्रयत्न केला, ती पलंगाखालून निघेना. मी मराठीत दोन शब्द बोलले आणि आली.

आज रघुवीर सिंह आले. खरं म्हणजे मी त्यांना पुढची तारीख देणार होते. त्या खोलीत त्या टेबलापाशी त्या पेशंटला तुमच्याशिवाय बघायचं माझ्यात बळ नव्हतं. पण ते आत आले, टोपी काढली आणि म्हणाले, "बड़ी मैडम का सुना. हम दोनों बाहर थोड़ी देर बैठे रहे, फिर अंदर आए." हम दोनों म्हणजे ते आणि जिमी. मग मी तारखेचं काही बोलले नाही.

जिमीला आडवा केला. जेल लावलं. प्रोब धरला आणि स्क्रीनला हात घातला, आणि काकू, मी ती त्यांच्याकडे वळवली. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. माझ्या तोंडाकडे बघत ते ज्या प्रकारे उभे होते ते मला सहन झालं नाही म्हणून. माझ्या चेहऱ्यावरून ते आपल्या कुत्र्याचं आयुष्य वाचायला बघत होते. तुमच्या दवाखान्यातल्या त्या सगळ्या सासवा मला एकदम दिसल्या. या एका माणसाला मी असं वाचत ठेवणार नव्हते.

"देखिए," मी म्हणाले, "ये जिमी का दिल है. काला दिखा तो पानी है."

आम्ही दोघांनी मिळून शोधलं. समोरून, बाजूनं, खालून. काळं कुठेच नव्हतं. एक थेंब नाही! भिंती जाडजूड, झडपा टाळ्या वाजवल्यासारख्या उघडमीट करताहेत. मग मी त्याला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडायची वाट पाहिली, आणि उजव्या वरच्या कप्प्याशी आले. ठिपका होता. स्वच्छ दिसला. मी मोजला, पहिल्या दिवशीचं चित्र काढून शेजारी लावलं. तेवढाच. इतक्या महिन्यांत जरासुद्धा वाढला नाही. आकार तोच, कड गुळगुळीत, आतून एकसारखा करडा. तशी गाठ इतके महिने अशी सोज्वळपणे बसून राहत नाही. ती असती तर आज जिमी माझ्या टेबलावर शेपटी आपटत पडला नसता.

चरबी होती काकू. चरबी!

मी हरले. आयुष्यात इतका आनंद कुठल्या हरण्याचा झाला नव्हता. मी ओरडले असणार, कारण बाहेरून कुणीतरी दार ढकलून आत डोकावलं. मी रघुवीर सिंहांना सांगितलं की पुन्हा कधीच होणार नाही असं मी लिहून देत नाही, सहा महिन्यांनी परत आणा, पण आज या हृदयाला काहीही झालेलं नाही, आणि बड़ी मैडम बरोबर होत्या.

ते स्क्रीनकडे बघत होते. मग त्यांनी बोट ठेवून, अगदी हळू, जणू त्यालाच दाखवताहेत असं म्हटलं, "देख जिमी. तेरा है."

मला तुमची इतकी आठवण आली की प्रोब खाली ठेवावा लागला. आठ-दहा क्षण मी जेलनं माखलेले हात तसेच धरून रडले. मग त्यांनीच विचारलं, "मैडम, पाँच मिनट हैं? बाहर आइए."

क्लिनिकसमोरच्या मैदानात कोवळी थंडी होती. मुलांनी क्रिकेटच्या विटा रचून ठेवल्या होत्या. रघुवीर सिंहांनी खिशातून जुना खाकी रुमाल काढला, जिमीला हुंगायला दिला, आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून उभा केला. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी रुमाल गुपचूप माझ्या ॲप्रनच्या खिशात सरकवला. "बीमार हुआ तब से इसने ढूँढा नहीं कुछ," ते कुजबुजले. "मैंने कहा भी नहीं. डर लगता था."

त्यांनी पट्टा सोडला आणि एकच शब्द उच्चारला.

जिमीचं नाक खाली गेलं. तो धावला नाही, घाई केली नाही. विटांना एक फेरी, सायकलींच्या रांगेतून, चहाच्या टपरीच्या मागून. मध्ये एकदा थांबला, आणि रघुवीर सिंहांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मग त्यानं डोकं उचललं, वाऱ्याची दिशा घेतली, आणि सरळ माझ्याकडे आला. ॲप्रनच्या खिशाला नाक लावलं. एक पाऊल मागे गेला आणि माझ्यासमोर बसला. ताठ, कान पुढे, नजर माझ्या डोळ्यांत, वस्तू सापडली की ड्यूटीवर बसतात तसा. फक्त शेपटीला ते जमत नव्हतं. ती मैदानातली धूळ उडवत, डावीकडून उजवीकडे, थांबायलाच तयार नव्हती.